केसकरांचा एसी आणि आक्कांचा डोळा

हरी केसकरांनी गाडी घेतली ती डिसेंबरात, आणि साताऱ्यात डिसेंबरात एसी लावून बघायची बुद्धी शहाण्या माणसाला होत नाही. त्यामुळे गाडीतला एसी चालतो की नाही, हा प्रश्न पाच महिने कुणालाच पडला नाही. तो पडला सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात, एका सोमवारी सकाळी सव्वाआठला, आणि पडला तोही उशिराच. कारण आदल्याच दिवशी सांगलीत एका डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर केसकर छाती पुढे काढून बोलून बसले होते, "आमची एसी गाडी आहे!"

झालं होतं असं. केसकरांची थोरली बहीण अनसूयाआक्का, वय चौसष्ट, सांगलीत हळदीच्या पेठेमागे दोन खोल्यांत एकटी राहायची. तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. ऑपरेशन झकास झालं. पण ऐन मे महिना, पेठेत हळदीचे सौदे जोरात, खालच्या गोदामात पोती झाडली की वर आक्काच्या स्वयंपाकघरातलं दूधसुद्धा पिवळं व्हायचं. डॉक्टर म्हणाले, "यांना इथून हलवा. पण एस.टी.नं नको. वारा नको, धूळ नको. काचा लावून न्या, आणि घामाचा थेंबही डोळ्यात जाता कामा नये."

"मेमध्ये काचा लावून?" आक्का म्हणाली. "म्हणजे मी साताऱ्याला पोचेपर्यंत उकडलेलं रताळं."

तेव्हा केसकर ते वाक्य बोलले. डॉक्टरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यावर हिरवी पट्टी लावलेल्या आक्कानं हातानं चाचपत भावाचा हात शोधला आणि दाबला. सहाव्या वर्षी आई गेली तेव्हापासून केसकरांना वाढवलं ते याच हातानं. "येत्या शनिवारी नेतो," केसकर म्हणाले, आणि एस.टी.नं साताऱ्याला परत आले. सांगलीपर्यंत गाडी न्यायचा धीर त्यांना अजून झाला नव्हता, ही गोष्ट डॉक्टरांना सांगायचं काही कारण नव्हतं.

तर सोमवारी सकाळी केसकरांनी दाराशी उभ्या गाडीत बसून एसीचं बटण दाबलं. 'टक्' असा आवाज आला. तो बटणाचा होता. त्यानंतर काहीही झालं नाही.

"आवं केसकर, इंजन बंद हाय," शेजारच्या कंपाउंडवरून आवाज आला. सुभेदार हंबीरराव घोरपडे, निवृत्त, हे दात घासताना नेहमी कंपाउंडलाच टेकून उभे असत. फौजेत सव्वीस वर्षं गाड्यांच्या तुकडीत काढल्यामुळे चाक असलेल्या कुठल्याही वस्तूवर आपला पहिला हक्क आहे, अशी त्यांची समजूत होती.

केसकरांनी इंजिन चालू केलं. पंख्यातून वारा आला. गरम. बटण दाबलं. टक्.

"बंद करा. परत लावा," हंबीरराव ब्रश काढून म्हणाले. "आता गिअरमदी टाकून बघा. आता हॉर्न वाजवून बघा."

"हॉर्नचा काय संबंध?"

"संबंद नसतो. पर मशिनला जाग येती."

हॉर्नमुळे मशिनला नाही, पण गल्लीला जाग आली. पलीकडच्या सुलाबाई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या. त्यांच्या जावयाच्या मालकाकडे एसी गाडी होती, त्यामुळे या विषयात गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा. "गॅस गेला असणार," त्यांनी सांगितलं. "गॅस भरायला लागतो त्यात."

ते ऐकून आतून केसकरांच्या पत्नी कुमुदताई दारात आल्या. "गॅस? आपलाच सिलिंडर तीन आठवडे झाले आला नाहीये. आता गाडीसाठीपण नंबर लावायचा?"

हा गॅस वेगळा असतो, हे समजावून सांगण्यात केसकरांची कचेरीची वेळ झाली. पण तोवर केसकरांच्या गॅसची बातमी पसरली होती. दुपारी त्यांच्याकडे दोन माणसं तब्येतीची चौकशी करून गेली, आणि एकानं ओव्याचा अर्क आणून दिला.

मंगळवारी गाडी नाथाजीकडे गेली. नाथाजी म्हणजे जीपगाड्यांचा देवमाणूस. ट्रॅक्टर, जीप, उसाचा ट्रक यांतलं काहीही तो नुसतं कान लावून दुरुस्त करी. एसी मात्र त्यानं आजवर एकदाच, कराडच्या बँकेत, तोही बाहेरून बघितला होता. पण "मला येत न्हाई" हे तीन शब्द नाथाजीच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नव्हते.

"लय काय न्हाई सायेब," तो म्हणाला आणि त्यानं डॅशबोर्ड उचकटला.

दोन तासांनी गाडीच्या पोटातल्या सगळ्या वायरी वर्तमानपत्रावर शेवया वाळत घातल्यासारख्या पसरल्या होत्या. आणखी दोन तासांनी त्या परत आत गेल्या. पाच स्क्रू उरले. नाथाजीनं ते कागदात बांधून केसकरांच्या हातात ठेवले. "ह्ये जपून ठिवा. कंपनी जादा घालती." मग त्यानं ऐटीत एसीचं बटण दाबलं.

गाडीचे दोन्ही वायपर उभे राहिले आणि कोरड्या काचेवरून खर्र खर्र फिरू लागले.

"लाईन जित्ती हाय म्हनायची!" नाथाजी खूश होऊन म्हणाला.

"अहो, पण एसी?"

"एसी न्हाई. पर कायतरी चालू झालं का न्हाई? सकाळी कायबी हुत न्हवतं."

त्याहून वाईट म्हणजे दाबलेलं बटण पुन्हा वर येईना. म्हणजे गाडी चालू की वायपर चालू. बेचाळीस अंशांच्या उन्हात, आभाळात कापसाएवढाही ढग नसताना, केसकर वायपर फिरवत राजपथावरून घरी आले. ऊस रसवंतीसमोरच्या पोरांनी डोक्यावर हात धरून पळायचं नाटक केलं. एका म्हाताऱ्यानं थांबून खऱ्या काळजीनं विचारलं, "मागं कुटं लागला का ओ पाऊस?" केसकरांनी 'हो, थोडासा' म्हणून सांगितलं. खोटं बोलण्यात कमी अपमान होता.

बुधवारी कचेरीत टेबलावर पाकीट होतं.

केसकर एका सरकारी खात्यात हेडक्लार्क होते. खात्याचा नियम असा, की कर्मचाऱ्यानं वाहन घेतलं की नमुना भरून द्यायचा. केसकरांनी तो डिसेंबरातच दिला होता, 'एक जुनी पांढरी चारचाकी' म्हणून. आता पाकिटातल्या कागदावर लिहिलं होतं: 'आपले वाहन वातानुकूलित असल्याचे कार्यालयाच्या निदर्शनास आले आहे. सदर बाब नमुन्यात नमूद केलेली नाही. तीन दिवसांत खुलासा करावा.' खाली मोहिते साहेबांची सही. मोहिते साहेबांना खात्यानं दिलेली जीप ताडपत्रीच्या छपराची होती आणि तिच्यात वारा सोडून सगळं आत यायचं. साहेब माणूस वाईट नव्हता. पण आपला हेडक्लार्क गारव्यात बसतो आणि आपण ताडपत्रीखाली, ही गोष्ट कुणालाही लागेल.

केसकरांनी तीस वर्षांच्या नोकरीतला सगळ्यांत प्रामाणिक खुलासा लिहिला: 'सदर वाहनात वातानुकूलन यंत्र आहे, तथापि ते चालत नाही. सबब वाहन वातानुकूलित आहे असे म्हणता येणार नाही.'

तासाभरात कागद शेरा मारून परत आला. 'न चालण्याबाबत पुरावा?'

आता आली का पंचाईत! जगात लोक वस्तू चालते याचा पुरावा मागतात. केसकर घरी ती चालावी म्हणून देव पाण्यात घालून बसले होते, आणि कचेरीत ती चालत नाही हे सिद्ध करायची वेळ आली होती. शेवटी गुरुवारी दुपारी साहेब स्वतःच म्हणाले, "चला केसकर. पाहणीच करू."

कचेरीच्या अंगणात, टळटळीत उन्हात, साहेब काचा लावून गाडीत बसले. शेजारी केसकर. मागे दोन पंच, म्हणजे एक शिपाई आणि एक कारकून. केसकरांनी गाडी चालू केली. वायपर खर्र खर्र सुरू झाले.

"हे काय?"

"एसीचं बटण आहे, साहेब."

साहेबांनी त्यावर विचार केला. दहा मिनिटं सगळे तसेच बसले. कचेरीच्या प्रत्येक खिडकीत दोन दोन डोकी होती. साहेबांच्या कपाळावरून निघालेला घामाचा ओघळ नाकाच्या शेंड्याशी आला, थांबला आणि खुलाशाच्या कागदावर पडला. तेव्हा साहेब म्हणाले, "लिहा." पंचनामा झाला: 'एसीचे बटण कार्यान्वित असता काच पुसणारे यंत्र फिरत असल्याचे आढळले. दहा मिनिटांत गारवा आढळला नाही. उलट उपस्थितांस गरगरल्यासारखे झाले.' खाली सह्या आणि शिक्का. गाडीतून उतरताना साहेब पहिल्यांदाच मायेनं बोलले. "फसवलं की हो तुम्हाला, केसकर."

हे एक वाक्य केसकरांना मेमोपेक्षा जास्त लागलं.

शुक्रवारी संध्याकाळी कुमुदताई हळूच म्हणाल्या, "वन्संना फोन करून सांगून टाका ना. काही दिवसांनी आणू." केसकरांनाही ते पटलं. त्यांनी आक्काच्या घराखालच्या अडत्याच्या दुकानातला फोन लावला. आक्का जिना उतरून यायला वेळ लागला. "हरी?" ती म्हणाली आणि खोकली. "अरे, मी बोचकं बांधून ठेवलंय. आळीत सगळ्यांना सांगितलं, भाऊ एसी गाडी घेऊन येतोय म्हणून. इथे फार उडतंय रे. दिवसभर पदर तोंडावर धरून बसते. शनिवारीच ना?"

"शनिवारीच," केसकर म्हणाले आणि फोन ठेवला.

कंपाउंडवर हंबीरराव होतेच. केसकरांचा चेहरा बघून त्यांनी ब्रश न काढताच परिस्थिती ओळखली. "मी येतो संगं. काय घाबरू नगा. एसी म्हंजी तरी काय? गार वारा. पंखा हाय, त्येच्यापुढं बर्फ ठिवला की झाला एसी. राजस्थानात आमी कर्नलसायबाला असाच निजवायचो."

शनिवारी सकाळी सहाला गाडी निघाली. सुकाणूवर केसकर, शेजारी हंबीरराव, त्यांच्या पायाशी घमेल्यात गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी, आणि समोर काचेवर वायपर. केसकर सव्वाशे किलोमीटर पहिल्यांदाच चालवत होते, त्यामुळे घाम कशाचा, उन्हाचा की भीतीचा, हे कळायला मार्ग नव्हता. कराड येईस्तोवर लादीची वीट झाली. पेठ नाक्यावर एका खड्ड्यात घमेलं कलंडलं. इस्लामपूर सोडताना गाडीत घोटाभर पाणी डुचमळत होतं, आणि हंबीरराव पाय वर घेऊन मांडी घालून बसले होते.

"परतीचा बर्फ सांगलीत घिऊ," ते म्हणाले. "सराव तर झाला."

आक्का जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेली होती. पट्टीच्या जागी आता काळा चष्मा, मांडीवर बोचकं, नाकावर पदर. पायरीवर हळदीची पिवळी साय. केसकर समोर जाऊन उभे राहिले, आणि इतके दिवस डॉक्टरांना, साहेबांना, गल्लीला, सगळ्यांना तोंड दिलेला तो बावन्न वर्षांचा माणूस लहान मुलासारखा म्हणाला, "आक्का, एसी चालत नाही गं. मी आधी बघितलंच नव्हतं."

आक्कानं पदर नाकावरून खाली घेतला. मग तिनं विचारलं, "कुणाची होती गाडी?"

"वाईच्या आपटीकर मास्तरांची."

"त्यांना विचारलंस?"

हंबीरराव केसकरांकडे बघायला लागले. खरं सांगायचं तर हा प्रश्न केसकरांच्या मनात सोमवारपासून होता. पण डिसेंबरात किल्ली देताना मास्तर म्हणाले होते, "दोन गोष्टी समजावून सांगतो," आणि केसकर हसून म्हणाले होते, "अहो मास्तर, गाडीतलं कळतं मला." तेव्हा त्यांना लायसन्स मिळून बारा दिवस झाले होते. आता कुठल्या तोंडानं विचारणार?

"फोन लाव," आक्का म्हणाली. "तुझ्या तोंडाचं राहू दे. माझ्या डोळ्याचं बघ."

अडत्याच्या दुकानातून फोन लागला. मास्तर पलीकडून आधी हसले, मग ओशाळले. "अहो, आमचा अनीश मित्रांना गाडीत बसवून एसी लावायचा आणि नदीकाठी नुसता उभा राहायचा! पेट्रोल जाळत! म्हणून मी ड्रायव्हरच्या सीटखाली, चटईच्या आत, एक गुपचूप बटण बसवून घेतलं. ते लावल्याशिवाय एसीला वीजच जात नाही. तेच तर सांगणार होतो!"

केसकर पळत गाडीशी आले. चटई उचलली. खाली चार बोटं पाणी, आणि पाण्यात, तळ्यातल्या बेडकासारखं, एक काळं बटण. केसकरांनी ते दाबलं. 'फट्' झालं, निळी ठिणगी उडाली, आणि पाच दिवस अखंड फिरणारे वायपर मधेच उभे राहिले.

"ह्ये मातूर चांगलं झालं," हंबीरराव म्हणाले.

अडत्यानं माणूस सुचवला. जोतीराम, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची यंत्रं सांभाळणारा. तो आला, गाडीभोवती एक फेरी मारली, डॅशबोर्डाखाली डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेरच काढलं नाही. आतून फक्त आवाज आला, "ह्या वायरी कुनी जोडल्यात?"

"साताऱ्यात. का हो?"

"न्हाई, मानूस निधड्या छातीचा दिसतोय."

जोतीरामनं पाणी उपसलं, नाथाजीच्या शेवया सोडवल्या, फ्यूज बदलला, मास्तरांचं बटण काढूनच टाकलं. केसकरांनी जपून आणलेले पाच स्क्रूही त्यानं बरोब्बर जागेवर बसवले. दुपारी अडीच वाजता त्यानं एसी लावला. कुठंतरी खोल 'धप्' असा आवाज झाला, इंजिनचा सूर किंचित उतरला, आणि जाळीतून बारीक, ओलसर, गार हवा केसकरांच्या मनगटावर आली. ते हात तिथून काढेनातच.

तीन वाजता काचा लावून गाडी सांगलीतून निघाली. आक्का पुढे, हंबीरराव मागे. आष्ट्यापर्यंत आक्का बोचकं मांडीवर धरून बसली. मग चष्म्याआडून बाहेर बघत म्हणाली, "तो ऊस इतका हिरवा असतो होय? मला वाटायचं, आता ऊसच मळका येतो." केसकरांनी उगाच हॉर्न वाजवला.

कराड गेलं. उंब्रजच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक जीप बॉनेट उघडून उभी होती. ताडपत्रीच्या छपराची. तिच्याशेजारी डोक्यावर फाईल धरून मोहिते साहेब.

थांबावं तर गाडीत गारवा, आणि कालपरवाच्या पंचनाम्यावरची शाई अजून ओली. न थांबावं तर साहेबांनी पांढरी गाडी ओळखलेली; हात वर केलेला. केसकरांनी ब्रेक दाबला आणि त्याच दमात एसीचं बटण बंद केलं. आरशातून हंबीररावांना डोळ्यानं खूण केली. हंबीररावांनी फौजी माणसासारखी ती समजून घेतली आणि शत्रूच्या हाती सापडल्यागत तोंड मिटून घेतलं.

"बरं झालं भेटलात," साहेब मागे बसत म्हणाले. "काचा उघडा की."

"बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, साहेब. वारा चालत नाही."

"असू दे, असू दे." साहेबांनी कॉलर सैल केली.

आतला गारवा दोन मैल पुरला. मग हळूहळू गाडी भट्टी झाली. साहेब फाईलनं वारा घेत होते. हंबीररावांच्या मिशांतून थेंब गळत होते, पण माणूस बोलायला तयार नव्हता. केसकरांनी आक्काकडे तिरक्या नजरेनं बघितलं. तिच्या केसांतून घामाची एक धार निघाली होती, आणि कपाळावरून चष्म्याच्या काडीपाशी आली होती. तिनं पदर वर केला. पण डोळ्याला हात लावायचा नाही, ही डॉक्टरांची ताकीद आठवून तसाच हवेत धरून ठेवला.

केसकरांनी बटण दाबलं. टक्. धप्.

गार हवा आली. मागे फाईल थांबली.

"केसकर," साहेबांचा आवाज आला. "हा एसी आहे."

"हो साहेब. आज दुपारी अडीचला चालू झाला. सोमवारी नव्या नमुन्यात लिहून देतो. जी कारवाई असेल ती करा. पण आता मी बंद करणार नाही." हे सगळं ते एका श्वासात, रस्त्यावरची नजर न काढता बोलले. तीस वर्षांत साहेब लोकांशी ते कधी इतकं लांब बोलले नव्हते.

मैलाचे दोन दगड मागे गेले. केसकरांच्या डोळ्यांसमोर पेन्शनचे कागद उडत होते. शेवटी न राहवून त्यांनी आरशात बघितलं. साहेबांनी मान मागे टाकली होती, तोंड उघडं होतं, आणि ते हंबीररावांच्या खांद्यावर गाढ झोपले होते. हंबीरराव ताठ बसून होते. "सुतराम न्हाई हलायचं," ते कुजबुजले. "वरचा हुद्दा हाय."

साताऱ्यात आपल्या दाराशी उतरताना साहेब डोळे चोळत म्हणाले, "नमुना सोमवारी द्या. पंचनामा गुरुवारचा आहे. गुरुवारी बंद होता, मीच घामाघूम होतो. विषय संपला." मग दार लावता लावता ते वाकले. "बाई, डोळ्याची काळजी घ्या. आणि केसकर, बुधवारी मला कराडला मीटिंग आहे. तुमचं काही काम निघतंय का तिकडं?"

केसकरांच्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा ऊन कललं होतं, आणि सगळी गल्ली रस्त्यावर होती. कुमुदताई भाकरतुकडा ओवाळायला घेऊन उभ्या होत्या, सुलाबाई कमरेवर हात ठेवून. हंबीरराव आधी उतरले आणि लष्करी झोकात त्यांनी पुढचं दार उघडलं. "आक्का, उतरा. आलं घर."

आक्का हलली नाही. तिनं सीटवर पाय वर घेतले, पदर नीट केला आणि जाळीतून येणाऱ्या वाऱ्याकडे तोंड केलं.

"मला चहा इथंच आणा," ती म्हणाली. "आणि दार लावा आधी. गारवा जातोय सगळा."